दुसऱ्या फाइलमधली शिट्टी

एकतीस जणांपैकी एकोणतीस जणांनी एकच गोष्ट लिहिली होती: दुसऱ्या फाइलमध्ये एक बारीक शिट्टी ऐकू येते.

पुरावेकाकांनी सगळी उत्तरं वरपासून खालपर्यंत वाचली आणि ते मनापासून हसले. गाण्याच्या शौकिनांच्या ऑनलाइन फोरमवर हे नाव त्यांना टिंगलीने मिळालं होतं. त्यांनी ते अभिमानाने लावून घेतलं. चौतीस वर्षं ध्वनिमुद्रणाची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. महागड्या वायरीने गाणं अधिक गोड लागतं असं कुणी लिहिलं, की पाचव्या मिनिटाला काकांचं उत्तर यायचं: पुरावा द्या. या वेळी तर त्यांनी सापळाच लावला होता. एकच गाणं त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलं. एकदा साध्या वायरीतून, एकदा महागड्या, असं जाहीर केलं. खरं तर दोन्ही वेळा वायर तीच होती, जुन्या पेटीतली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"मंडळी, वायर एकच आहे," त्यांनी टाइप केलं. "सगळे मनाचे खेळ. शिट्टी येणार कुठून?"

"काका, हातच्या काकणाला आरसा कशाला?" कुणीतरी लगेच लिहिलं. "स्वतः ऐका की एकदा."

"दहादा ऐकलंय. काही नाही."

फोरमवर काकांना बरं वाटे. तिथे सगळं लिहिलेलं असे. घरात तसं नव्हतं. गेलं दीड वर्ष माणसांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत होतं, पण अर्थ वाटेत कुठेतरी गळत होता. मुलगी फोनवर काहीतरी विचारायची, हे भलतंच उत्तर द्यायचे, मग ती तेच पुन्हा विचारायची. त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी असंबद्ध उत्तरं. मग माणसांची नावं गेली. शेवटी मुलाचा चेहराही. बायको म्हणायची, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवू या." ते म्हणायचे, "बघू." कोणत्या डॉक्टरांना, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या मनात डॉक्टर एकच होता, आईला तपासणारा, आणि तो काय सांगणार तेही ठरलेलं होतं.

पण आज एक गोष्ट त्यांना खटकली. मनाचे खेळ असते, तर उत्तरं विखुरली असती. कुणाला गोडवा जाणवला असता, कुणाला घुमारा. एकोणतीस माणसांना एकच भास होत नाही. त्यांनी दुसरी फाइल पुन्हा स्पीकरवर लावली.

खांद्यावर हात पडला. बायको वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मागे उभी होती.

"अहो, ती शिट्टी बंद करा ना," ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली. "डोकं उठलंय माझं."

"कसली शिट्टी?"

"ही काय! डास गुणगुणल्यासारखी."

तिने फोरम कधी उघडलासुद्धा नव्हता. काकांनी फाइल थांबवली.

"माझ्याकडे पाठ करून उभी राहा," ते म्हणाले. "आणि ऐकू आली की हात वर कर."

कधी पहिली फाइल, कधी दुसरी, कोणताही क्रम न ठेवता त्यांनी दहा वेळा लावली. दुसरी लागली की कपड्यांच्या ढिगातून एक हात वर यायचा. दहापैकी दहा.

"बक्षीस काय आहे?" ती वळून म्हणाली. "की नुसतीच कवायत?"

काका संगणकाकडे वळले. जगाकडे आलेख मागणाऱ्या काकांनी स्वतःच्या फाइलचा आलेख काढला नव्हता. या कानांवर त्यांनी चौतीस वर्षं पगार घेतला होता. त्या कानांकडे पुरावा मागायचं सुचलंच नव्हतं. आता त्यांनी आलेख काढला. सहा हजार हर्ट्झच्या आकड्यावर एक सरळ, उभा सुळका होता. त्या दिवशी दुसऱ्या ध्वनिमुद्रणाच्या आधी त्यांनी शेजारच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावला होता. शिट्टी त्याची होती, आणि ती खरी होती.

त्यांनी स्पीकरवर एकेक शुद्ध सूर लावून पाहिला. एक हजार, स्पष्ट. दोन हजार, स्पष्ट. तीन हजार, पुसट. चार हजारांना खोली शांत झाली. सहा हजारांना बायकोने कपडे टाकून कानांवर हात ठेवले. काकांसाठी खोली अजून शांतच होती.

ते खुर्चीत मागे टेकले. नोकरीत नव्या माणसांना ते हेच शिकवायचे. आवाज ऐकू येतो तो खालच्या सुरांमुळे, शब्द कळतात ते वरच्या सुरांमुळे. स, श, फ, थ हे सगळे तिकडे वर राहतात. वरचं गेलं, की माणूस बोलतोय हे ऐकू येतं आणि काय बोलतोय ते कळत नाही. दीड वर्षात मुलीचं एकही पत्र, फोरमवरची एकही ओळ त्यांना कळली नाही असं झालं नव्हतं. लिहिलेलं सगळं कळत होतं.

त्यांनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले. बायको घाबरून पुढे आली, तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अहो, काय झालं? रडताय का?"

"अगं, माझे कान गेलेत," काका हसू आवरत म्हणाले. "नुसते कान! चल, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."