बारीक तार

बारीक तार पुन्हा हलली होती.

धाकट्याने फोटो मोठा करून पाहिला. दादाची बास गिटार खुर्चीला टेकून उभी होती. तीन जाड तारा रेघेसारख्या सरळ. चौथी, सगळ्यात बारीक, तेवढी पुसट. जणू कुणी नुकतीच छेडून गेलं होतं. खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

आपलंच काही चुकत असेल, असं त्याला वाटलं. आजवर चुकत त्याचंच आलं होतं. पण पंखा बंद होता. खिडकी लावलेली होती. चकचकीत लाकडावर उजेडाचे डाग पडू नयेत म्हणून त्याने टेबलावरच्या दोन दिव्यांपुढे पांढरी चादर टांगली होती. त्यातून येणारा उजेड अगदी मंद. त्यामुळे कॅमेऱ्याचा डोळा दोन-तीन सेकंद उघडा ठेवावा लागे, आणि तेवढ्यात जे हलेल ते पुसट येई. खुर्ची हलली नव्हती. भिंत हलली नव्हती. फक्त ती तार.

त्याने कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर आणखी पक्का बसवला. गिटारीत आपलं प्रतिबिंब उमटू नये म्हणून काळी शाल डोक्यावरून ओढून घेतली. शालीखाली कानातलं यंत्र शिट्टी मारायचं, म्हणून ते केव्हाच काढून खिशात टाकलं होतं. औषधं आणायला निघताना वहिनींनी बजावलं होतं, “भावोजी, यांच्याकडे अधूनमधून डोकावा. आणि कानातलं काढू नका. उशाशी ढोल बडवला तरी तुम्हाला पत्ता नसतो.”

पलीकडच्या खोलीत दादा पडून होता. झटका आल्यापासून त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं. वाचेची आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा वहिनींनी गिटार विकायचं ठरवलं. “समोर दिसली की यांचे डोळे भरतात हो.” घेणाऱ्याला फोटो आजच हवे होते.

त्याने बटण दाबलं. पुन्हा तीच तार.

वाजवणारा जग सोडून निघाला की त्याचं वाद्य आपोआप थरथरतं, असं आई सांगायची. लहानपणी तो हसला होता. आता हसू येईना. उठायचं आणि मधलं दार ढकलायचं, एवढंच. पण तो बसूनच राहिला. आपण दार उघडेपर्यंत तरी दादा आहे, असं काहीतरी वेडंवाकडं त्याच्या मनात आलं.

त्याने तारेवर बोट टेकवलं. ती थरथरत होती. हलकेच, न थांबता. चटका बसावा तसं त्याने बोट मागे घेतलं आणि दाराकडे धावला.

दादा उताणा निजला होता. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले.

“दादा!” स्वतःची हाकही त्याला नीट ऐकू आली नाही. त्याने दादाच्या छातीवर हात ठेवला.

छाती त्या तारेसारखीच थरथरत होती.

त्याने खिशातलं यंत्र कानात कोंबलं. आधी शिट्टी आली. मग तिच्यामागून मिटल्या ओठांतला एक खोल, लांबलचक सूर आला. धाकट्याने तो लगेच ओळखला. गिटार जुळवताना दादा आधी हाच सूर गळ्यातून काढायचा, मग बारीक तारेची खुंटी पिळायचा. सूर जमला की तार बोट न लावताच शहारायची. “बघ, ओ दिली!” तो म्हणायचा.

बाहेरचं दार वाजलं. वहिनींनी चपला काढता काढता विचारलं, “भावोजी, झाले का फोटो?”

धाकट्याने शालीने डोळे पुसले.

“नाही, वहिनी. दादा तार थांबूच देत नाही.”