आवतण

लग्नं लावणारी धवलारीण चंद्रावती सोमवारचा उपवास धरून पळस्प्याच्या मांडवात आली. पहिला धवला गाऊन तिनं एकवीरेला, खंडोबाला, वेशीवरच्या गावदेवीला रीतीप्रमाणे लग्नाचं आवतण दिलं. मग हाक दिली, "आना नवरा-नवरीला." मुंडावळ्या बांधलेल्या दोन मुली पाटांवर येऊन बसल्या. चंद्रावतीच्या मुठीतले तांदूळ सांडले. "हरेश, नवरा कुठं रे?" एकीचा बाप हरेश खालमानेनं म्हणाला, "काकी, आमच्या मनस्वीचं दिपिकाशीच लगीन हाय. कोर्टानं नाय म्हटलं, भटानं नाय म्हटलं. तू लावलंस तर गाव तरी मानेल." "आदी का नाय सांगितलंस?" "सांगितल्यावर आली असतीस?" उठून तिनं चपला घातल्या आणि ती थबकली. देव तर तिच्या शब्दावर येऊन बसले होते. त्यांना माघारी धाडणारा धवला आईनं शिकवलेलाच नव्हता. चपला काढत ती पुटपुटली, "नीट बसा, पोरींनो."