उलट नमस्कार

निवृत्ती शिंपी विजयनगरातल्या एका बंगल्यावर शिवलेले ब्लाउज द्यायला गेला, तर मालकीणबाईंनी ते हातात घेतलेच नाहीत. "पायरीवर ठेव," म्हणाल्या. संध्याकाळी लष्कर मोहल्ल्यातल्या विठ्ठलमंदिरात जो भेटेल त्याला तो हेच सांगत सुटला. "नोडी, बघा की, मी पण माणूसच की. हातात घेतलं असतं तर काय झिजलं असतं त्यांचं?"

गटारं साफ करणारा नागराज त्या दिवशी पहिल्यांदाच भजनाला आला होता आणि दाराशी अंग चोरून बसला होता. निवृत्तीनं त्याला मुद्दाम आत बोलावलं. "इथं तसलं काही नाही बघ. भजन संपलं की लहानमोठं न बघता सगळे एकमेकांच्या पाया पडतात. तू माझ्या, मी तुझ्या. रीतच आहे आमची."

"माझ्यापण, अण्णा?"

"तुझ्यापण."

नागराज उठून बाहेर गेला, तो भजन संपता संपता परत आला. आल्या आल्या तो निवृत्तीच्या पायांवर वाकला. निवृत्तीचा हात आपसूक त्याच्या डोक्यावर गेला. "चांगलं होऊ दे तुझं," असं म्हणून तो पलीकडच्या टाळकरी शेषगिरीकडे वळला आणि त्याच्या पाया पडायला वाकला.

वाकल्यावाकल्या त्याला शेजारचे पाय दिसले, आणि मग मान वर करवेना. नागराज अजून तिथंच उभा होता. त्याचे पाय घोट्यापर्यंत घासून धुतलेले होते, जुळवून जरासे पुढे केलेले होते, आणि अजून ओले होते.