माहेरचा कुत्रा

"ढोली हलवू नोको रे!" शामकला ओरडली. "कुत्रा आंधळा आहे. धडकन नं तो."

केवलरामनं धान साठवायच्या ढोलीवरचा हात काढला. आईपुढं बोलायची त्याची छाती नव्हती. कुत्र्यापायी घरातली एकही वस्तू वर्षभर जागची हलली नव्हती. पाण्याचा घडा दाराच्या उजवीकडे, पाटा चुलीमागं, खाट भिंतीला. सून वच्छला तर पाहुण्यांनाही बजावायची, चपला वाटेत सोडू नका, आमचा भुऱ्या आंधळा आहे. गावात या लाडांची थट्टा चालायची.

खरं तर शामकलाही आंधळी होत चालली होती. हे तिनं कोणालाच कळू दिलं नव्हतं. शेजारच्या मंदाबाईचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. डोळे गेले तसं सुनेनं किल्ल्या काढून घेतल्या, दाराबाहेरच्या सपरीत खाट टाकून दिली, आणि मग मंदाबाईला भाजी कोणती करायची एवढंही कोणी विचारेना. शामकलाच्या किल्ल्या अजून तिच्या कमरेला होत्या. म्हणून ती भुऱ्याच्या आड लपली होती.

भुऱ्या इंग्रजाच्या राज्यात जन्मला होता. आता स्वराज्याला दहा वर्षं झाली होती, त्याचे दात गेले होते, मागचे पाय लटपटत होते. शामकला त्याला बोटांनी पेज चाटवायची, ऊन सरकलं की त्याचं पोतं सरकवायची. भुऱ्याला मात्र म्हातारपणाचं काहीच वाटत नव्हतं. उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा. जो जवळून जाईल त्याच्या पायाला अंग लावायचा आणि निवांत अंगणात पोचायचा. पाय पाटलाचा असो की भिकाऱ्याचा.

"याले लाजच नाही," शामकला म्हणायची. म्हणताना तिला त्याचा हेवा वाटायचा.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आणि एका सकाळी भुऱ्या पोत्यावरून उठलाच नाही. शामकला धाय मोकलून रडली. रडणं ओसरलं तशी तिला धडकी भरली. आता कोणाच्या नावानं ओरडायचं?

केवलराम त्याला शेतातल्या बांधीच्या कडेला पुरून आला आणि म्हणाला, "नवं धान येईन आता. उद्या ढोली त्या कोपऱ्यात घेऊ. आता तं काही अडचन नाही."

शामकलाचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

"उद्या नोका करू," चुलीपासून वच्छला म्हणाली. "मी माहेरी जाऊन येतो. मंग पाहू."

तिसऱ्या दिवशी वच्छला देवरीच्या माहेराहून परतली, ती दोरीला एक म्हातारा कुत्रा बांधून.

"याले काऊन आनलं वं?" केवलराम चिडला.

"आंधळा आहे. भाऊ रानात सोडून देऊन राहिला होता, मले दया आली. ढोली राहू द्या जागच्या जागी."

शामकलाचा जीव भांड्यात पडला. तिनं खाटेवरूनच देवाला हात जोडले.

तेवढ्यात घरात शिरलेली कोंबडी फडफडली. कुत्र्यानं दोरीला हिसका दिला आणि तो तिच्या मागं सुटला. शामकला कान देऊन ऐकत होती. दारातून आत, घड्याला वळसा, खाटेखालून, चुलीला चुकवून परसात. घडा हलला नाही. पाटा वाजला नाही.

"हा आंधळा होय?" केवलरामनं विचारलं.

"वासानं गेला असन," वच्छला म्हणाली.

शामकलानं खाटेवरून पाय खाली सोडले. मग उठली, चाचपडत उंबऱ्याशी आली आणि तिथं उभी राहिली. वच्छला जवळून जाऊ लागली तसा तिनं तिचा खांदा धरला.

"अंगणात ने मले, पोरी. मले दिसत नाही."

वच्छलानं तिचा हात घट्ट धरला.

"चला," ती म्हणाली. "न् ढोली कुठं ठेवाची ते सांगा, माय."