एका दिवसाची रजा

मध्यंतरापर्यंत सिनेमा छान चालला होता, आणि लेखकाला धास्ती होती ती त्याचीच. शेजारी बसलेली आई चक्क हसत होती. पडद्यावर वरच्या कचेरीतला कारकून एका मेलेल्या हिशेबनिसाला फैलावर घेत होता. "खाली जायला रजा हवी? कशाला? बायकोशी भांडण मिटवायचं राहिलं? हे काय कारण झालं?" अखेर एका दिवसाची रजा मंजूर झाली, पण पाठवताना गफलत झाली आणि बिचारा हिशेबनीस भलत्याच पैलवानाच्या अंगात जाऊन पडला.

"खाकरतो बघ कसा. अगदी ह्यांच्यासारखा," आई कुजबुजली.

वडील गेले त्या सकाळी आईने त्यांच्याशी अबोला धरला होता. कशावरून, ते आता तिलाही आठवत नव्हतं. ते तसेच कामावर गेले आणि दुपारी निरोप आला. लेखकाने ही गोष्ट रचली ती तिच्यासाठी. मेलेला माणूस परक्याच्या अंगाने घरी येतो, बायको त्याला ओळखत नाही, आणि तो तिला हसवून हसवून बोलती करतो. "शेवट तुझ्यासाठी लिहिलाय," असं त्याने तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं.

तो शेवट सिनेमात नव्हता. निर्मात्याने त्याला कात्री लावली होती. "लोक हसायला येतात. रडायला त्यांना घर आहे," असं म्हणून त्याने त्या जागी गुंडांचा पाठलाग घुसडला होता. लेखकाने हातापाया पडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. आईला हे सांगायचा मात्र त्याला धीर झाला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सिनेमा लागला.

मध्यंतरानंतर पैलवान घराच्या गल्लीच्या तोंडाशी आला. आई पुढे सरकून बसली. तेवढ्यात गुंडांनी त्याला पाहिलं आणि तो उलट्या दिशेने पळत सुटला. मग गाड्या उलटल्या, फळांचे ढीग सांडले, कारण नसताना दोन गाणी झाली. मागच्या रांगेतली माणसं एकेक करून उठून जाऊ लागली. लेखकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हती. दिवस मावळला, रजा संपली, कारकुनाने जाता जाता एक फुसका विनोद केला, आणि दिवे लागले.

आई उठेना.

"आई, घरचा प्रसंग होता गं. शूटिंगही झालं होतं. त्यांनी कापला. मी तुला सांगणार होतो."

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे. तू लिहिलं होतंस ना? तुझ्याकडून काही राहिलं नाही."

ती वाकून चपला पायात सरकवू लागली.

"हे गल्लीपर्यंत आले होते रे," ती म्हणाली. "राग गेला नसणार अजून."