गुरुवारचा प्रयोग

एनिड ओळ विसरली आणि हिल्डाच्या काळजाला थंडावा मिळाला.

दर रविवारी टीव्हीवर नवं नाटक व्हायचं, तेही थेट. कॅमेरा एनिडच्या तोंडावर, अख्खा देश बघतोय. हिल्डा कॅमेऱ्याशेजारी उभी होती, एका हातात संहिता, दुसऱ्या हातात बटण. कुणी अडखळलं की तिने बटण दाबायचं, घराघरांतला आवाज बंद व्हायचा, तेवढ्यात तिने ओळ सांगायची. लोक घरी टीव्ही बिघडला समजून त्याला थापट मारायचे आणि नाटक पुढे चालायचं.

हिल्डाने बटण दाबलं नाही.

का दाबावं? ब्लॅकपूलच्या नाटक मंडळीत एनिडला रंगमंचावर उभं राहायला शिकवलं ते हिल्डाने. एका खोलीत राहिल्या, एका किटलीतला चहा प्यायल्या. या नाटकातली थोरल्या बहिणीची भूमिकाही हिल्डालाच मिळायची होती. मग एनिड निवडीच्या वेळी संवाद वाचून दाखवायला आली, भूमिका तिला गेली आणि हिल्डाच्या हाती बटण आलं. वर ही बया रोज विचारणार, "हिल्डे, बरं होतंय ना गं?" हिल्डाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता पड तोंडावर, ती मनात म्हणाली.

एनिडने मदतीसाठी तिच्याकडे पाहिलं. हिल्डा नुसती बघत राहिली. एनिडचे डोळे भरून आले. मग अगदी हळू, स्वतःच आठवून ती म्हणाली, "दार उघडंच होतं गं. तूच आली नाहीस."

सोमवारच्या पेपरांनी त्या शांततेला डोक्यावर घेतलं. हिल्डाने पेपर उलटा करून ठेवला.

गुरुवारी तेच नाटक पुन्हा थेट करायचं होतं. दुपारी कँटीनमध्ये एनिड समोर येऊन बसली. आता आपली नोकरी गेली, हिल्डाने ओळखलं.

"ओळ खरंच गेली होती," एनिड म्हणाली. "तुझ्याकडे बघितलं आणि कळलं, ही द्यायची नाही. धाकटी बहीण दारातून पाठ फिरवते तेव्हा थोरलीला काय होतं, ते तालमीत मला कधी सापडलंच नव्हतं."

"एनिड, मी..."

"गप बस. आज मी मुद्दाम थांबणार आहे. तिथंच उभी राहा आणि अस्संच बघ माझ्याकडे."

म्हणजे आपल्या द्वेषावरही हीच टाळ्या घेणार! हिल्डा संध्याकाळपर्यंत धुमसत राहिली.

प्रयोगात एनिड त्या ओळीपाशी थांबली, हिल्डाकडे वळली. हिल्डाने जीव खाऊन सगळे अपमान आठवायला घेतले. आठवली ती किटली, आणि पाव संपला की दोघींत अर्धा होणारा शेवटचा तुकडा.

"दार उघडंच होतं गं," एनिड म्हणाली. "तूच आली नाहीस."

हिल्डाने बटण दाबलं. देशभर टीव्हीला थापटा बसत होत्या तेवढ्यात तिने संहितेत नसलेली ओळ सांगितली, "आले गं, आले."