नदीचं चाक

हौद काठोकाठ भरला होता. रंगाचं लाल सांडपाणी कडेशी थरथरत होतं; आत्ता उतू जाईल, मग उतू जाईल.

"वेलिचका, नदीचं चाक उघड, हौद नदीत सोड," मुकादम रांगेल जिन्यावरूनच ओरडला. "गाळणी तुंबलीय. बाहेर धुकं आहे, कुणाला दिसायचं नाही."

मार्च उजाडला की वसंत आणणाऱ्या मार्ताआजीच्या नावानं अख्खा बल्गेरिया मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधणार, आणि त्यातला लाल याच रंगशाळेतून जाणार. मागणी नुसती वाढत होती. यंत्रांच्या दर फेरीला हौदात नवं पाणी पडत होतं.

वेलिचकाने चाकावर हात ठेवला. काढून घेतला.

"रांगेलदादा, पानगळीत कंपनीनंच आपल्याला नदीवर नेलं ना? वाळुंजाची रोपं लावली. माझ्या रोपाला तुम्ही पाणी घातलंत."

"घातलं. फोटो निघाला, फाटकावर लागला, झालं! तेव्हापासून तुम्ही बायका दिवे काय विझवता, चिंध्या काय वेगळ्या काढता. अगं, ते सगळं खरं मानायला तुला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच."

शेजारच्या यंत्रावरची पेन्कामावशी मान वर न करता म्हणाली, "यंदा नदीच्याच मनगटाला लाल दोरा बांधायचाय वाटतं, मुकादम?"



रांगेल जवळ आला. आवाज उतरला. "पोरी, वर साहेब बसलेत. आधी मी जाईन, मागोमाग तू. या गावात दुसरी रंगशाळा आहे का?"

नव्हती. आणि घरची चूल एकट्या वेलिचकाच्या हातावर पेटत होती.

तिने चाकाकडे पाहिलं. मग आपल्या यंत्राच्या कळीकडे. मध्येच थांबवलं तर सूत डागाळणार, अख्खी खेप वाया. तिने डोळे मिटले आणि कळ दाबली.

घरघर अडखळली. थांबली.

"काय केलंस हे!" रांगेल धडपडत जिना चढून वर पळाला.

बाकीची यंत्रं चालूच होती, पाणी चढतच होतं. पेन्कामावशीने ओले हात कमरेला पुसले. "मार्ताआजी, सांभाळ गं बाई," ती पुटपुटली, आणि तिचंही यंत्र थांबलं. मग पलीकडचं. मग भिंतीलगतचं.

पाणी काठाशी येऊन थबकलं. त्या शांततेत वेलिचकाला पहिल्यांदाच भिंतीपलीकडची नदी ऐकू आली. आणि लोखंडी जिन्यावरून खाली उतरणारी पावलं. एकट्या रांगेलची नव्हती ती.